मत कोणत्या खुर्चीला, मागणी कोणत्या खुर्चीकडे?

निवडणूक जवळ आली की वरठी स्टेशनासमोरच्या टपरीवर चहा कमी आणि राजकारण जास्त विकले जाते. कोण उभा राहणार, कोणाचे तिकीट कापले, कोणत्या समाजाची किती मते, याचा हिशेब आपल्याकडे लहान पोरालाही येतो. पण जो निवडून येणार त्याच्या हातात नेमके काय काय आहे, हा हिशेब मात्र फार थोडे लोक मांडतात. आज तोच मांडायचा आहे. मी नोकरदार माणूस. कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही आणि मला ते सांगताही येत नाही. पण कोणत्या उमेदवाराला कोणता प्रश्न विचारायचा, एवढे सांगणे माझ्या विस्ताराच्या कामातच बसते.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वरठीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मामा तलावाचे गेट सडले. पावसाळ्यात भरलेला तलाव दसऱ्यापर्यंत अर्धा रिकामा व्हायचा. धान निसवण्याच्या वेळेस शेवटच्या बांध्यांना पाणी मिळेना. गावकऱ्यांनी मला विचारले, काय करावे? मी फारसा विचार न करता सांगून टाकले, आमदारसाहेबांना निवेदन द्या. दहा-पंधरा जण गाडी करून गेले, निवेदन दिले, फोटो काढला. निवेदन एका खात्याकडे गेले. तिथून बऱ्याच दिवसांनी उत्तर आले, 'हा तलाव आमच्याकडे नाही.' तोवर हंगाम गेला. शेवटी कळले की तलाव जिल्हा परिषदेचा आहे आणि गेटचे काम तिच्याच लघु पाटबंधारे विभागाच्या यादीत टाकावे लागते. यादी होईस्तोवर दुसरा हंगामही गेला. शेवटच्या टोकाच्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याने पोचट धान कापून बैलाला टाकले. तो मला एवढेच म्हणाला, "सायब, आमाले का मालूम जी, कोनाचं दार ठोठवाचं?" त्याला मालूम नव्हते, हे समजू शकतो. मला मालूम असायला पाहिजे होते.

चार खुर्च्या, चार कामे

आपण वरठीकर किती निवडणुकांत मत देतो ते मोजा. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा. आपले गाव मोहाडी तालुक्यात, विधानसभेला तुमसर मतदारसंघात आणि लोकसभेला भंडारा-गोंदिया मतदारसंघात येते. पहिल्या दोन निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पुढच्या दोन भारत निवडणूक आयोग घेतो. मतदार तोच, बोटही तेच, पण खुर्ची निराळी.

खासदाराची खुर्ची दिल्लीत. धानाचा हमीभाव तिथे ठरतो. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्र सरकार भाव जाहीर करते. साधारण धानाला २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला २,३०० रुपये आणि २०२५-२६ ला २,३६९ रुपये जाहीर झाले, ते सगळ्या देशासाठी. भंडारा रोड स्टेशनावर कोणती गाडी थांबावी हाही दिल्लीचाच प्रश्न. म्हणून जिल्हा परिषदेचा उमेदवार तुमच्या ओट्यावर बसून 'धानाला तीन हजार भाव मिळवून देतो' म्हणाला, तर त्याला पाणी पाजा आणि विचारा, तो ठराव तुमच्या कोणत्या सभेत होतो?

आमदाराची खुर्ची मुंबईत, आणि हिवाळ्यात नागपुरात. ज्याला आपण बोनस म्हणतो तो राज्याचा विषय आहे. आधी तो क्विंटलमागे मिळायचा. २०२२-२३ च्या हंगामापासून पद्धत बदलली. त्या वर्षी हेक्टरी १५,००० रुपये आणि २०२३-२४ ला हेक्टरी २०,००० रुपये, दोन्ही वेळा दोन हेक्टरची मर्यादा ठेवून जाहीर झाले. हा बदल नीट समजून घ्या. क्विंटलवरून हेक्टरवर गेल्यामुळे सातबारा आणि नोंदणी यांना सगळे महत्त्व आले. ज्याचे पीक कमी आले त्याला ही पद्धत फायद्याची. पण जो दुसऱ्याची शेती बटईने किंवा ठेक्याने करतो, ज्याने रोवणीची मजुरी भरली, खत उधार आणले, त्याच्या नावाचा सातबारा नसतो. पैसा मालकाच्या खात्यात जातो आणि मालकाची मर्जी असली तर खाली उतरतो. हा प्रश्न आमदाराच्या उमेदवाराला विचारण्याचा आहे, कारण नियम मुंबईत बनतो. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाला मोफत वीज देण्याचा २०२४ चा निर्णयही राज्याचाच. कर्जमाफीही तशीच.

तारीख विचारा

कर्जमाफीवरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०२४ च्या विधानसभेत दोन्ही बाजूंच्या आघाड्यांनी कर्जमाफीचा शब्द दिला होता. पण केव्हा, याची तारीख कोणत्याच भाषणात ठळक नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, तेव्हा कुठे सरकारने ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेऊ असे जाहीर केले. मतदानाआधी जी तारीख फुकटात मागता आली असती, तिच्यासाठी नंतर रस्त्यावर बसावे लागले.

गोसीखुर्दचे उदाहरण तर आपल्या जिल्ह्याचेच. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. त्यानंतर २०२४ पर्यंत लोकसभेच्या दहा आणि विधानसभेच्या आठ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. मध्येच तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, म्हणजे पैशात दिल्लीचाही वाटा आणि काम राज्याच्या महामंडळाचे. तेव्हापासून भाषणात राज्यवाला दिल्लीकडे बोट दाखवतो, दिल्लीवाला मुंबईकडे. आपल्या तुमसर-मोहाडीचा बावनथडी प्रकल्प मध्य प्रदेशासोबतचा, तिथे बोट दाखवायला आणखी एक राज्य आहे. मोठ्या प्रकल्पात दोन खुर्च्यांचा संबंध येतो, म्हणून प्रश्नही दोघांना वेगवेगळा विचारावा. खासदाराला विचारा, निधी किती आणला? आमदाराला विचारा, कालव्याचे कोणते काम यंदा पुरे होणार?

मतदार भोळा नाही

यावर कोणी म्हणेल, लोक कुठे एवढा विचार करतात? करतात. २०२४ चाच निकाल पाहा. एप्रिलमध्ये लोकसभेला भंडारा-गोंदियाने काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे यांना निवडून दिले. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारांनी, त्याच सहा विधानसभा क्षेत्रांत, पाच जागा महायुतीला दिल्या. आपल्या तुमसरला राष्ट्रवादीचे राजू कारेमोरे, भंडाऱ्याला शिवसेनेचे नरेंद्र भोंडेकर आले. काँग्रेसकडे एकटी साकोली राहिली, आणि तिथे नाना पटोले यांचा विजय फक्त २०८ मतांचा होता. सात महिन्यांत माणसे बदलली नव्हती. दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरा असा निवाडा पुष्कळांनी केला. तो बरोबर की चूक हे मी ठरवणार नाही. पण २०८ मते म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम गावातील एखाद-दोन मोहल्ल्यांची मते. 'माझ्या एका मताने काय होते जी' म्हणणाऱ्याने साकोली आठवावी.

जवळची खुर्ची, दुर्लक्षित खुर्ची

आता सगळ्यात महत्त्वाचे. दिल्ली-मुंबईच्या निवडणुकीत आपण जीव ओततो, आणि जी खुर्ची मोहाडी-भंडाऱ्यात आहे तिच्या उमेदवाराला 'आपलाच माणूस आहे' म्हणून काही विचारत नाही. मामा तलाव, ज्यांचे सिंचन शंभर हेक्टरच्या आत आहे, ते जिल्हा परिषदेकडे. गावरस्ते, प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना तिच्याकडे. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांना विहिरीसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासी शेतकऱ्यांची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत चालतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून तर शंभरातले ८० रुपये थेट ग्रामपंचायतीला देण्याचे ठरले होते, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १०. म्हणजे नालीचा पैसा सरपंचाच्या ठरावात असतो, आणि आपण त्याची तक्रार आमदाराला सांगतो!

भंडारा जिल्हा परिषदेचे ५२ गट. एका गटात पंचायत समितीचे दोन गण. मागचे निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागले. काँग्रेस २१, राष्ट्रवादी १३, भाजप १२, बाकी इतर. बहुमताला २७ लागतात, ते कोणालाच नव्हते. अध्यक्ष निवडायला मे महिना उजाडला, आणि राज्यात एकत्र असलेले काँग्रेस-राष्ट्रवादी इथे वेगळे बसले. यातून समजायचे ते हे, की आपण सदस्य निवडतो, अध्यक्ष नाही. सरपंच मात्र २०२२ पासून पुन्हा थेट आपल्या मतावर येतो. म्हणून गटाच्या उमेदवाराला मतदानाआधीच विचारून ठेवा, बहुमत नसले तर तुम्ही कोणाबरोबर बसाल?

त्या सभागृहाची पाच वर्षे २०२७ मध्ये भरतात. त्याआधीही जुलै २०२० मध्ये मुदत संपल्यावर निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला होता. त्या काळात तलावाचे गेट कोणाला दाखवायचे, हे गावकऱ्याला कळत नव्हते. सदस्य नसला की अर्ज करता येतो, पण सभेत उभा राहून विचारणारा कोणी नसतो.

घरी करायची कामे

पहिले, मतदार यादीत नाव पाहा. विधानसभेचीच यादी गट-गणाप्रमाणे फोडून जिल्हा परिषदेला वापरतात, म्हणून नाव आत्ताच तपासा. घरातील १८ वर्षांच्या पोरीचे व नव्या सुनेचेही पाहा. दुसरे, उमेदवाराने अर्जासोबत दिलेले शपथपत्र वाचा. मालमत्ता, शिक्षण आणि दाखल गुन्हे त्यात लिहिलेले असतात. तिसरे, आपल्या गावाचे पाच प्रश्न एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे खुर्चीचे नाव लिहा. धानाचा भाव, दिल्ली. बोनस, मुंबई. तलावाचे गेट, जिल्हा परिषद. नाली, ग्रामपंचायत. जो उमेदवार येईल त्याला फक्त त्याच्या खुर्चीचा प्रश्न विचारा, आणि तारखेसह उत्तर घ्या. ग्रामसेवक व तलाठी बंधूंना विनंती, कोणते काम कोणत्या कार्यालयाचे एवढे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. त्यात कोणत्या पक्षाचा प्रचार होत नाही, आणि माझ्यासारख्याची चूक दुसऱ्या कोणाकडून होणार नाही.

त्या तलावाचे गेट पुढे बसले. गेल्या हंगामात शेवटच्या बांधीपर्यंत पाणी गेलेले मी पाहून आलो. धान भरला होता. पण तो दोन एकरवाला जेव्हा भेटतो, तेव्हा मला ते दोन हंगाम आठवतात.