साथीच्या आधीची ठेव

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावची. लिहिता-वाचता येत नव्हते. पण घरात मेलेला उंदीर दिसला की हातातले काम टाकून ती माळ्यापासून न्हाणीपर्यंत सारे घर धुंडाळी. एका उंदराचे तिला काही नसे. दुसरा सापडतो का, याची धास्ती. 'उंदीर पडले' हे दोन शब्द तिच्या लहानपणी गाव रिकामे करायला पुरेसे होते. लोक दाणागोटा आणि गुरेढोरे घेऊन रानात झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावरच घराचे कुलूप काढत. आम्ही नातवंडे तिला हसत असू.

ते हसू सप्टेंबर १९९४ मध्ये मावळले. तेव्हा मी सुरतमध्ये बँकेच्या एका शाखेत अधिकारी होतो. शहरात प्लेग आल्याची बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी शाखा उघडण्याआधीच रांग रस्त्यापर्यंत गेली. प्रत्येकाला पैसे काढून गाव गाठायचे होते. आमच्याकडे यंत्रमागावर काम करणाऱ्या खानदेशी माणसांची खाती बरीच होती. त्यातल्या एकाला मी समजावले, "अहो, घाबरण्याचं कारण नाही, असं सरकार सांगतंय." त्याने स्लिपवर सावकाश सही केली आणि म्हणाला, "सायेब, सरकार घाबरू नका म्हणतंय, म्हणजे आता निघायलाच पाहिजे."

या उत्तरावर मी अजून विचार करतो आहे. निवृत्तीनंतर प्लेगविषयी मिळेल ते वाचत गेलो, तेही त्या एका वाक्यापायीच.

प्लेगचा जंतू हा पोटाच्या एका सौम्य विकाराच्या जंतूचा वंशज. पुरातन सांगाड्यांच्या दातांत मिळालेल्या जनुकीय अवशेषांवरून दिसते, की पाच हजार वर्षांपूर्वीही तो माणसांच्या अंगात शिरला होता. पण पिसवेच्या पोटात तग धरण्याची विद्या त्याला साधली नव्हती. ती सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतल्या जंतूंत आढळते. हा जंतू पिसवेच्या अन्नमार्गात जणू बूच मारतो. रक्त पोटात उतरत नाही, म्हणून भुकेली पिसू चावत सुटते आणि चाव्यासरशी जंतू ओकते. उंदीर मेला की त्याचे थंड अंग सोडून ती जवळचे ऊबदार अंग शोधते. ते बहुधा माणसाचे असते. आजी दुसरा उंदीर का शोधत असे, याचे हे शास्त्र.

या जंतूला पाय नाहीत; तो आपल्या व्यापाराच्या पायांनी चालतो. इ.स. ५४१ मध्ये तो इजिप्तच्या बंदरात प्रकटला आणि वर्षभरात कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. आजच्या किर्गिझस्तानात इस्सिक-कूल सरोवराजवळ १३३८-३९ च्या काही कबरींवर मृत्यूचे कारण 'साथ' असे कोरलेले आहे. तिथल्या दातांत प्लेगचाच जंतू असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. १३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेल्या गलबतांबरोबर तो सिसिलीत उतरला आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे गेली. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिक शहराने, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा कायदा केला. तिसाचे पुढे चाळीस झाले आणि त्या चाळिशीवरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला.

तिसरी मोठी साथ चीनच्या युनान प्रांतातून निघाली. १८९४ मध्ये ती हाँगकाँगला आली, तिथे अलेक्झांडर येर्सिन यांनी जंतू ओळखला. दोन वर्षांनी ती मुंबईत आली. मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये तिचे निदान केले. पुढच्या काही दशकांत या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

१८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोल्जर घरात शिरले, स्त्रीपुरुषांच्या तपासण्या झाल्या, सामान जाळले गेले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आपण ही गोष्ट बहुतेक वेळा पिस्तुलाच्या आवाजापाशी थांबवतो. माझ्यातला बँकवाला मात्र विचारतो, की एवढ्या सक्तीतून जमा काय झाले? लोकांनी रोगी लपवले. घरे औषधाने धुतली गेली, पण पिसवेवर कोणाचा संशयच नव्हता. तिचा गुन्हा पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिला आणि त्यांच्यावरही शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे विश्वास ठेवला नाही. उंदीर पडताच गाव सोडणारा अडाणी शेतकरी मात्र योग्य तेच करत होता.

म्हणून सरकारने काहीच करू नये, असे मी म्हणणार नाही. रोग्याला घरातून हलवणे हा उपाय चूक नव्हता. त्याच पुण्यात, त्याच वर्षी सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव हेही रोग्यांना आपल्या दवाखान्यात आणत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोल्जरने नेलेला रोगी आणि सावित्रीबाईंनी नेलेला रोगी, दोघांचेही घर सुटलेच. फरक होता तो नेणाऱ्या हातात. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनीही लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग लोकांपुढे दंड मागितला.

सुरतच्या साथीत मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पळाले मात्र लाखो. एवढी भीती एका जंतूची असू शकत नाही. वर्षानुवर्षे न उचललेला कचरा पाहणाऱ्या माणसाने, हे शहर आपल्यासाठी काही करील, ही आशाच सोडून दिली होती. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात अधिकारी रोज रस्त्यावर दिसू लागले, कचरा उचलला जाऊ लागला आणि त्याच सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले गेले. ही खरी ठेव. २०२० मध्ये करोना आला तेव्हा राज्याराज्यांतून १८९७ चाच कायदा बाहेर निघाला आणि मजूर पुन्हा रस्त्याने चालत निघाले. त्या दिवसांत आमच्या वस्तीत दारे उघडली गेली ती आशाताईंच्या हाकेला. त्या साथीच्या आधीपासून घरी येत होत्या.

बँकेत एक गोष्ट आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. रांग लागते त्या दिवशी विश्वास जमा करता येत नाही, त्या दिवशी तो फक्त काढला जातो. आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात डॉक्टर आहे का, गटार कधी साफ झाले, हे साथ नसताना विचारायचे प्रश्न आहेत. साथीत त्यांची उत्तरे मिळतात, पण उशिरा.

दिवाळीनंतर तो खानदेशी खातेदार परतला. दोनशे रुपये भरले, हसला आणि सहज विचारले, "सायेब, तुम्ही इथंच होते?"

"हो."

"आन् घरचे?"

मी पासबुकात नोंद करण्यात गुंतल्यासारखे केले. घाबरू नका, असे मी त्याला सांगितले, त्याच्या आदल्या रात्रीच मी पत्नीला आणि मुलीला जळगावच्या गाडीत बसवून दिले होते.