प्रतिष्ठापकाचा अभिप्रेत वाचक

आज्ञावली संगणकावर चढवण्याच्या क्रियेला मराठी अनुवादकांनी 'प्रतिष्ठापन' हा शब्द योजला, तेव्हा अनेकांना हसू आले. अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री ही दोन स्थाने ज्या जुन्नर तालुक्यात आहेत, तेथील वाचकास तर त्या शब्दातून घंटानादच ऐकू यावा. आम्हांस मात्र हा शब्द सार्थ वाटतो. प्रतिष्ठापनेत मंत्र गुरुजींचे असतात. यजमानास ते बहुधा कळत नाहीत आणि सांगितल्या जागी तो 'मम' म्हणतो. इन्स्टॉलरपुढे बसलेला मनुष्य 'नेक्स्ट' म्हणतो, एवढाच फरक.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विधीकडे पाहावे, असे आम्हांस वाटते, कारण इन्स्टॉलर ही एक संहिता आहे आणि प्रत्येक संहितेप्रमाणे तिलाही एक अभिप्रेत वाचक असतो. वोल्फगांग इझरने कादंबरीच्या संदर्भात मांडलेली ही संकल्पना येथे फार उघडपणे दिसते. कित्येक वर्षे इन्स्टॉलर आपल्यापुढे तीन दारे ठेवत आला: 'टिपिकल', 'कॉम्पॅक्ट' आणि 'कस्टम'. वरवर पाहता हा वापरणाऱ्यांमधील भेदांचा आदर आहे. प्रत्यक्षात ही वाटणी तबकडीवरील जागेची आणि आज्ञावलीच्या सुट्या भागांची आहे. माणूस कोणती भाषा लिहितो, त्याचे हात काय शिकून आले आहेत, याची विचारपूस तिन्ही दारांत कोणी करीत नाही.

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीचे उदाहरण घ्या. तीत मराठीची सोय होती, पण निजलेली. ती जागवण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण करावी लागे. त्या चौकोनापुढे मराठीचे नाव नव्हते, देवनागरीचेही नव्हते. 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा, थाईसह, असा तेथील मजकूर होता. अभियंत्यांच्या परिभाषेत हा शब्द निरुपद्रवी आहे. अक्षरे जोडली जाताना त्यांचे आकार बदलतात, इतकाच त्याचा अर्थ. पण परिभाषा दर्शनी पाटीवर येते तेव्हा ती कोणाला आत बोलावते आणि कोणाला उंबऱ्यावर ठेवते, हे विचारले पाहिजे. नारायणगावच्या शिक्षकाने आपली बाराखडी या वर्णनात कशी ओळखावी? ज्यांना ती ओळखता आली नाही त्यांनी रोमन लिपीत मराठी लिहायला सुरुवात केली, आणि पुढे तीच सवय झाली. 2007 पासूनच्या आवृत्त्यांत हा आधार मुळातच आला. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची मूर्ती लेण्याच्या भिंतीतच कोरलेली आहे, बाहेरून आणून बसवलेली नाही, काहीसे तसेच.

म्हणजे प्रश्न मिटला काय? कळफलक उरतोच. 'शिवनेरी' हा शब्द घ्या. टंकयंत्रावर शिकलेला कारकून आधी पहिली वेलांटी देतो, मग अर्धा श आणि त्याला काना; डोळ्यांना जे डावीकडून उजवीकडे दिसते तेच त्याचा हात करतो. इनस्क्रिप्टवर शिकलेली विद्यार्थिनी आधी श देते, मग वेलांटी. ती उच्चाराच्या क्रमाने जाते. 1991 साली भारतीय मानकात स्थान मिळालेली ही मांडणी सर्व भारतीय लिप्यांना जवळपास सारखी आहे, हा तिचा मोठा गुण. तिसरा तरुण एस, एच, आय असे रोमन स्पेलिंग मनात जुळवतो आणि समोर देवनागरी उमटू देतो. शब्द एक, वाचणाऱ्याला तिघांचे लेखन एकच. पण लिहिताना तिघे भाषेला तीन वेगळ्या जागी स्पर्श करतात. लेखनप्रक्रियेविषयी आपण इतके बोलतो, तर या भेदाची दखल समीक्षेने का घेऊ नये?

इन्स्टॉलरने हा भेद विचारावा, असे म्हटले की आक्षेप येतो: प्रश्न वाढले की लोक गोंधळतात. आक्षेप खरा आहे. 'इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन' हा प्रश्न बहुतेकांना निरर्थक आहे, कारण आपल्या हातांच्या सवयीला काही नाव आहे हेच त्यांना ठाऊक नसते. म्हणून नाव विचारूच नये. पहिल्या पडद्यावर 'शिवनेरी' असे लिहायला सांगावे आणि खाली तीन ओळींत तीन रीतींनी जे उमटेल ते दाखवावे. दोन ओळींत अगम्य काहीतरी येईल. जीत शिवनेरी नीट उमटेल ती ओळ त्या माणसाची.

आंबेगावाच्या पश्चिम भागाकडे वळले की आणखी काही गृहीतके उघडी पडतात. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या आश्रमशाळेत एका संगणकावर अनेक मुले बसतात, असे समजू. 'केवळ माझ्यासाठी की सर्वांसाठी?' हा इन्स्टॉलरचा प्रश्न तेथे विचित्र वाटतो, आणि 'सर्वांसाठी' म्हटले तर व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मागितला जातो, जो शिक्षकाकडे नसतो. आरंभी चिमुकला असणारा आणि उरलेला भाग महाजालावरून ओढणारा इन्स्टॉलर अशा ठिकाणी वीज किंवा जोडणी गेली की अर्ध्यावर अडकतो. पूर्ण आज्ञावली एका फायलीत देणे, अडकली तर तेथूनच पुढे सुरू होणे, आणि हे सारे मराठीत सांगणे, यात अशक्य काही नाही.

विंडोज 10 मध्ये 2019 पासून इनस्क्रिप्टच्या जोडीला मराठीसाठी ध्वन्यानुसारी कळफलकही अंगभूत मिळतो. टंकयंत्राची मांडणी मात्र अद्याप बाहेरूनच चढवावी लागते. म्हणजे मिनिटाला 30 शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा देऊन नोकरीस लागलेल्या जुन्या कारकुनालाच, तिघांपैकी ज्याचा हात सर्वांत सराईत आहे त्यालाच, आजही इन्स्टॉलर लागतो. आणि तो बहुधा इंग्रजीत असतो.