समुद्राचा कचरा डोंगरावरच अडवा

भीमाशंकरला निघालेली गाडी घोडेगाव, डिंभे मागे टाकून तळेघरला येते. इथून समुद्र दिसत नाही. तरीही रस्त्याकडेला भिरकावलेली पाण्याची बाटली पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला लागू शकते. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे वाहणारे पाणी घोड, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराकडे जाते. कड्यावरून पश्चिमेला कोसळणारे पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीकडे जाते. पूर्वेच्या वाटेवरचा बराच कचरा धरणे अडवतात, हे खरे. पण मग तो शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यातच राहतो.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला हौशी पाणबुडे काम करत असतात. पुदुच्चेरी, विशाखापट्टणम, केरळातील कोवळम अशा ठिकाणी ते पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रतळावरचा कचरा वर काढतात. २०११ पासून जगभरचे पाणबुडे ‘डाइव्ह अगेन्स्ट डेब्रिस’ या उपक्रमात काय सापडले, किती आणि कुठे, याची नोंदही करतात. त्यांचे कौतुक होते, छायाचित्रे छापून येतात. मात्र हे काम त्यांच्यावर सोपवून बाकीच्यांनी निश्चिंत व्हावे, असे नाही.

कारण साधे आहे. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके, म्हणून पिशवी तरंगते. बाटलीचे पीईटी आणि जाळ्यातले नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून ते बुडते. पिशवीवरही शेवाळ आणि शिंपले चढले की ती तळ गाठते. किनारा स्वच्छ दिसला तरी तळ स्वच्छ असेलच असे नाही. आणि तळावरचा कचरा काढणे हे सगळ्यांत अवघड. टाकीतली हवा मोजकी असते. घाईने वर आल्यास शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकते. इतक्या जोखमीचे श्रम गुटख्याच्या पुड्या वेचण्यात खर्च करणे हा शहाणपणा नव्हे.

पाणबुड्यांशिवाय होणार नाही असे एक काम मात्र आहे: हरवलेली मासेमारीची जाळी काढणे. ‘घोस्ट नेट’ म्हणतात ती ही जाळी. मालक नसला तरी त्यांत मासे, खेकडे, कासवे अडकून मरत राहतात. खडकाला किंवा प्रवाळाला गुंतलेले जाळे नुसते ओढले तर प्रवाळच तुटते. ते हाताने थोडे थोडे कापावे लागते आणि हवा भरलेल्या पिशव्यांनी वर उचलावे लागते. त्यात पाणबुड्याचा स्वतःचा पाय अडकण्याचा धोका असतोच. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि जवळच तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची शासकीय संस्थाही आहे. प्रशिक्षित हात जवळ आहेत. त्यांना नियमित काम, विमा आणि मोबदला हवा. जोखमीचे काम कायम हौसेवर चालत नाही.

जाळे कुठे हरवले हे सर्वांत आधी मच्छीमाराला कळते. जाळ्यात सापडलेल्या कासवासारख्या संरक्षित जिवाला सोडण्यासाठी जाळे कापले तर राज्य सरकार २०१८ पासून मच्छीमाराला भरपाई देते. त्याच धर्तीवर, हरवलेल्या जाळ्याची जागा कळवणाऱ्यालाही काही मिळावे. दंडाच्या धाकाने माहिती लपते, मोबदल्याने ती पुढे येते.

बाकीच्या कचऱ्याची जागा समुद्र नव्हे, डोंगर आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरच्या वाटेवर मोठी गर्दी लोटते. त्या गर्दीचा कचरा उचलण्याचा भार वाटेवरच्या लहान ग्रामपंचायतींवर टाकणे अन्याय्य आहे. बाटलीमागे परत मिळणारी अनामत रक्कम, पहिल्या पावसाआधी ओढ्यांची सफाई आणि यात्रेच्या उत्पन्नातून या गावांना त्यासाठी निधी, एवढे तरी करता येईल. तळेघरच्या रस्त्यावर बाटली उचलायला एकदा वाकावे लागते. तीच बाटली समुद्रतळावरून आणायला कुणाला तरी जीव धोक्यात घालावा लागतो.