आधी अर्थिंग, मग मोटर

इचलकरंजीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्याकडे काय काय कामं येतात ते पाहा. बीमचा पाइप, कापडाचा रोलर, सायझिंगचा एखादा रोल, रंगाईतल्या जिगरचा स्टेनलेस रोल, पुलीचा बॉस, शाफ्टवर बसवायची फ्लँज. मागाचं गाव असल्यामुळे जॉब बहुतेक गोल. आणि गोल जॉब अजूनही वेल्ड होतो तो असा: दोन उलटे अँगल मांडायचे, त्यावर पाइप ठेवायचा, शेजारी एक पोरगा बसवायचा आणि हेल्मेटच्या आतून ओरडायचं, ‘‘फिरव... थांब... जरा मागं घे.’’ दोन इंच टाकून झाले की थांबायचं, पोरानं फिरवलं की पुन्हा आर्क मारायची. एका गोलात सहा-आठ वेळा सुरुवात, तितक्याच वेळा शेवट. दोष नेमके तिथंच पडतात. सुरुवातीला कड नीट वितळलेली नसते, शेवटी क्रेटर राहतो आणि भेग त्या क्रेटरमधूनच निघते. मग ग्राइंडर घेऊन सगळं गुळगुळीत करायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला काही दिसत नाही.

पोझिशनर या दुखण्यावरचं औषध आहे, हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. जॉब टेबलावर किंवा चकमध्ये धरा, सारख्या वेगानं फिरवा, टॉर्च एका जागी ठेवा. वेल्ड कायम वरच्या बाजूला सपाट राहतो, त्यामुळे करंट थोडा वाढवता येतो आणि पूर्ण गोल एका दमात होतो. कोनातला जोड असेल तर टेबल 45 अंशांत कलवलं की तोही व्हीच्या खोबणीसारखा सपाट मिळतो. मोठ्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे ही मशीन वर्षानुवर्षं आहेत. खरं तर त्यांच्यापेक्षा घरच्या शेडमध्ये एकट्यानं काम करणाऱ्याला त्यांची गरज जास्त, कारण त्याच्याकडे फिरवायला पोरगासुद्धा रोज येत नाही. तयार मशीन परवडत नाही, म्हणून तो स्वतः बनवायला घेतो. यात कौतुकच आहे. आमची तक्रार आहे ती बनवण्याच्या क्रमाबद्दल.

पहिली खरेदी ठरलेली: भंगार बाजारातून ट्रकच्या वायपरची मोटर. दुसरी, तिचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर. मग गोल प्लेट, दोन बेअरिंग आणि अँगलची चौकट. बटण दाबलं की टेबल झोकात फिरतं आणि त्याच संध्याकाळी त्याचा व्हिडिओ ग्रुपवर पडतो. वेल्डिंगची अर्थिंग कुठं जोडायची हा विचार सर्वांत शेवटी येतो. क्लँप चौकटीला लावला जातो, कारण चौकट हाताशी असते.

आता करंटच्या बाजूनं पाहा. टॉर्चमधून दीडशे अँपिअर जॉबमध्ये उतरले, जॉबमधून टेबलात, टेबलातून स्पिंडलमध्ये. चौकटीपर्यंत जायला पुढं मुख्य रस्ता एकच, बेअरिंगच्या गोळ्या. गोळी आणि कडं यांचा स्पर्श अगदी सुईच्या टोकाएवढा आणि मध्ये ग्रीसचा थर. तिथं बारीक ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी कड्यावर एक खड्डा पाडते. सुरुवातीला काही कळत नाही. मग हातानं फिरवलं तर करकर लागते, पुढं टेबल अडखळत फिरतं आणि वेल्डवर तेवढ्या तेवढ्या अंतरानं जाड-बारीक पट्टे उमटतात. मिस्त्री वायरचा वेग बदलून पाहतो, गॅस तपासतो. बेअरिंगवर संशय सर्वांत शेवटी जातो, कारण ते नवीनच घातलेलं असतं. काही वेळा करंट टेबल फिरवणाऱ्या साखळीवरून मोटरकडे वळतो आणि कंट्रोलर जळतो. टिगची हाय फ्रीक्वेन्सी असेल तर त्याला फार वेळही लागत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की पोझिशनरचं काम अर्थिंगपासून सुरू करावं. क्लँपची केबल थेट फिरत्या स्पिंडलला भेटली पाहिजे. त्यासाठी टेबलाच्या मागं स्पिंडलवर तांब्याचं किंवा पितळेचं कडं घट्ट बसवा आणि त्यावर समोरासमोर दोन ब्रश स्प्रिंगनं दाबून ठेवा. ब्रश ट्रकच्या सेल्फचे घ्यावेत. त्यांत तांबं मिसळलेलं असतं आणि ते मोठ्या करंटसाठीच बनवलेले असतात. ड्रिल मशीनचे काळे कार्बन इथं चालत नाहीत, तापून भुगा होतात. सेल्फ मात्र काही सेकंदच चालतो आणि आपला वेल्ड काही मिनिटं, म्हणून दोन ब्रश तापत असतील तर चार लावा. जागा सोडून ठेवलेली बरी. वेल्डिंग केबल थेट ब्रश होल्डरला, मधे पातळ वायर नको.

हे झालं की करंटचे बाकीचे रस्ते बंद करायचे. ते दोनच असतात. बेअरिंगच्या ब्लॉकखाली हायलमची पट्टी आणि बोल्टला नायलॉनची बुशिंग, हा एक. स्प्रॉकेट आणि त्याचा हब यांच्यामध्ये हायलमची चकती, इथल्याही बोल्टला बुशिंग, हा दुसरा. मग मल्टिमीटरची एक पिन टेबलाला आणि दुसरी चौकटीला लावा. मीटरनं आवाज केला तर कुठला तरी बोल्ट बुशिंगला चुकवून लोखंडाला भिडला आहे, तो शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका. नंतर टेबल आणि अर्थिंग केबल यांच्यामध्ये पिना धरून टेबल हातानं सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळ स्थिर राहायला हवा. तो उड्या मारत असेल तर कडं गोल नाही, लेथवर पुन्हा एक हात मारून घ्या. घरच्या लाइनवर मोटर असेल तर तिच्या बॉडीची आणि चौकटीची अर्थिंग वेगळी, ती ठेवायचीच. वेल्डिंगच्या परतीच्या केबलशी तिची गाठ घालू नका.

मोटरचा विचार त्यानंतर. आणि तोही वेगापासून, मोटरपासून नव्हे. हिशोब सोपा आहे: मिनिटाला जितके मिलिमीटर वेल्ड टाकायचा, त्याला जॉबच्या परिघानं भागा. मिगनं मिनिटाला 300 मिलिमीटर धरले तर 150 मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा परिघ 471, म्हणजे मिनिटाला 0.64 फेरी, एका गोलाला साधारण दीड मिनिट. तोच पाइप टिगनं मिनिटाला 100 मिलिमीटरनं करायचा तर 0.2 फेरी. 25 मिलिमीटरच्या नळीला मिगनं जवळजवळ 4 फेऱ्या लागतात. म्हणजे आपल्याला 0.2 ते 4 या पट्ट्यात काम आहे, वीस पटींचा फरक. एवढा पल्ला एकट्या कंट्रोलरच्या कानावर टाकला की अगदी कमी वेगाला मोटरचा जोर जातो आणि टेबल थांबत-थांबत चालतं. वायपरची मोटर सावकाश वेगाला मिनिटाला 40 फेऱ्यांच्या आसपास फिरते. पुढं 1:10 चा वर्म बॉक्स दिला की वरचा वेग 4 होतो. टिगसाठी सायकलची दोन स्प्रॉकेट बदलून आणखी खाली यायचं. थ्री फेज मोटर आणि ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी 1440 ला 1:60 च्या बॉक्सनं 24 वर आणावं, साखळीनं 1:5 करून पावणेपाचच्या आसपास, आणि ड्राइव्ह 10 हर्ट्झच्या खाली नेण्याचा मोह टाळावा. त्याच्याही खालचा वेग लागला तर साखळीची आणखी एक पायरी.

भंगाराबद्दल दोन शब्द. बरेच साधे माग जाऊन शटललेस माग आले, त्यामुळे गावात जुन्या मागाचे शाफ्ट, गिअर, मोटरी किलोवर मिळतात आणि हात शिवशिवतात. शाफ्ट जरूर घ्या, सरळ आहे ना एवढं लेथवर पाहून. मोटर चालत असेल तर तीही. पण क्रँक शाफ्ट आणि टॅपेट शाफ्टचे बिडाचे गिअर इथं फारसे उपयोगी नाहीत; ते फक्त दोनास एक वेग कमी करतात आणि वर्षानुवर्षं चालून दातांत फट पडलेली असते. फट घातक का, ते एका बाजूला जड असलेल्या जॉबवर दिसतं. जड बाजू वर चढेपर्यंत मोटर ओढते. ती माथा ओलांडून पलीकडे झुकली की जॉब स्वतःच पुढं पडतो, दातांमधली सगळी फट एका झटक्यात संपते आणि आर्क दोन मिलिमीटर उडी घेते. टिगमध्ये आर्कची लांबीच दोन-तीन मिलिमीटर, तिथं टंगस्टन जॉबला टेकलाच म्हणून समजा.

यावरचा उपाय मागवाल्याच्या डोळ्यांसमोर रोज असतो. साध्या मागावर बीम मोकळा सुटू नये म्हणून त्याच्या टोकाला साखळी गुंडाळून दांडीवर वजन टांगतात, तेच स्पिंडलला करायचं. चामड्याचा जुना पट्टा, एक दांडी आणि एक वजन. जॉब पुढं पडू पाहतो तेव्हा पट्टा त्याला धरून ठेवतो आणि फट नेहमी एकाच बाजूला दाबलेली राहते. वजन मागेपुढे सरकवून घर्षण कमी-जास्त करता येतं. जिथं हजारो रुपयांचा बिनफटीचा गिअरबॉक्स लागला असता तिथं हे चालून जातं.

1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढं माग वाढले तसे ते खोलून, समजून, दुरुस्त करून आपलेसे करणारे जॉबर आणि मिस्त्री इथं तयार झाले. पंडितराव कुलकर्णी यांनी उभ्या केलेल्या ‘फाय’ समूहाची टेस्टिंग मशीन याच गावची. लोखंड ओढून तोडणारं, कठीणपणा मोजणारं यंत्र ज्या गावात बनतं, तिथल्या घरगुती वेल्डरचा स्वतःचा वेल्ड मात्र कधी तोडून पाहिला जात नाही, हे आम्हाला खटकतं. पोझिशनर तयार झाला की पहिलं गिऱ्हाइकाचं काम त्यावर चढवू नका. त्याच मापाच्या पाइपचे दोन तुकडे जोडा, त्यातून उभ्या चार पट्ट्या कापा आणि व्हाइसमध्ये धरून वाकवा. दोन पट्ट्या बाहेरच्या अंगानं, दोन आतल्या. गोल जिथं सुरू झाला आणि जिथं मिळाला, ती जागा एका पट्टीत आलीच पाहिजे. पाइपवर टॉर्च नेमकी माथ्यावर न धरता जराशी चढत्या बाजूला धरली तर रस माथ्यावर येता-येता गोठतो. किती सरकवायची हे या पट्ट्याच सांगतील.

टेबल कलतं करणाऱ्यांनी तोलाचा हिशोब कागदावर केल्याशिवाय लोखंड कापू नये. 30 किलोच्या जॉबचा मध्य टेबलापासून 20 सेंटिमीटर पुढं असला तर टेबल उभं केल्यावर कलण्याच्या आसावर निदान 59 न्यूटन-मीटर जोर येतो, टेबलाचं वजन वेगळं. एका बोल्टच्या घट्टपणावर तो सोडायचा नाही. भोकं पाडलेली चाप आणि आरपार पिन हवी. खालचे पाय पुढच्या बाजूला लांब हवेत, नाहीतर सगळं मशीनच जॉबच्या मागं जाईल. स्पिंडल शक्य असेल तर पोकळ घ्या; स्टेनलेसला आतून आर्गॉन देता येतो आणि लांब पाइप आरपार जातो.

पायाचं पेडल मात्र काटकसरीत बसवू नका. दाबलं तरच फिरेल, पाय उचलला की थांबेल, असंच हवं. मिनिटाला अर्धी फेरी घेणाऱ्या मशीनला कोणी भीत नाही आणि वर्म बॉक्सचा जोर हातमोजा ओढतो तेव्हा तो थांबत नाही. सायझिंगचे वाफेचे सिलिंडर, बॉयलरच्या कायद्याखाली येणारे पाइप ही कामं घरच्या पोझिशनरवर घ्यायचीच नाहीत, वेल्ड कितीही सुबक येत असला तरी. त्यांना मान्यताप्राप्त वेल्डर आणि तपासणी लागते.

ज्यांनी मशीन बनवलं आहे त्यांनी आमच्याकडे फोटो जरूर पाठवावेत. टेबलाचा पुढून काढलेला, रंग दिल्यानंतरचा फोटो नको. मागच्या बाजूचा, ब्रश आणि हायलम दिसेल असा पाठवा, आणि सोबत वाकवलेल्या चार पट्ट्यांचा.