आधी ती वाट चाललेली

निमगाव केतकीच्या पानमळ्यात पानं खुडणारी बाई छातीतली गाठ बऱ्याचदा कुणालाच सांगत नाही. पुढे पुण्याचं किंवा मुंबईतल्या परळचं रुग्णालय गाठल्यावर डॉक्टर उपचार समजावतात. पण केस परत कधी येतील, ब्लाउजच्या रिकाम्या बाजूचं काय करायचं, हे विचारायचं कुणाला? त्यातून गेलेल्या बाईलाच. अमेरिकेत टेरीस लासर १९५२मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर हेच सांगायला इतर रुग्णांकडे जाऊ लागल्या. मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४मध्ये 'व्ही केअर' ही संस्था उभारली. आपल्याकडेही बऱ्या झालेल्या बाया आहेत, पण गप्प. बारामती-इंदापूरच्या मैत्रिणींनो, औषधांचा सल्ला डॉक्टरांवर सोडा. शेजारी कुणाचं नव्यानं निदान झालं असेल, तर पहिल्या केमोआधी तिच्या घरी जाऊन बसा.