चेनसॉ घेण्यापूर्वी लाकूड पाहावे

बागेतील छाटणी, वादळात मोडलेल्या फांद्या आणि चुलीचे सरपण या कामांसाठी चेनसॉ, म्हणजेच साखळी करवत, आता अनेक शेतकरी कुटुंबांच्या घरी दिसू लागली आहे. मजुरांची टंचाई पाहता ते स्वाभाविकच आहे. मात्र दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती सीसीची?’ हा, आणि पुष्कळदा ५८ सीसीचे इंजिन व २० ते २२ इंचांची पट्टी असलेले यंत्र घेऊन ग्राहक परततो. घरगुती कामासाठी ही निवड बहुधा अयोग्य ठरते. हाती असलेल्या यंत्रावर कापाचा आकार ठरतो आणि कापावर झाडाचे पुढील आरोग्य अवलंबून असते. म्हणून खरेदीचा विचार लाकडापासून सुरू व्हावयास हवा.

घरच्या कामात कापले जाणारे लाकूड सामान्यतः मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचे असते. पट्टी या जाडीपेक्षा थोडी लांब असली की पुरे. आंबा, काजू, चिकू यांची छाटणी आणि सरपण यांसाठी १२ ते १४ इंचांची पट्टी व ३० ते ४० सीसीचे पेट्रोल इंजिन पुरेसे होते. परसबागेपुरते काम असल्यास बॅटरीवर चालणारी लहान करवत अधिक सोयीची. तिला ऑइल मिसळलेले पेट्रोल लागत नाही आणि तिचा आवाजही कमी असतो. दहा वर्षांतून एखादेच मोठे झाड पाडावयाचे असेल, तर त्यासाठी अवजड यंत्र बाळगण्यापेक्षा अनुभवी कारागिराला मजुरी देणे स्वस्त आणि सुरक्षित असते.

सुरक्षिततेचा मुद्दा दुय्यम मानता येणार नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की करवत क्षणार्धात चालकाच्या दिशेने उसळते. जड यंत्र थकलेल्या हातात हा झटका सावरू देत नाही. म्हणून साखळीचा ब्रेक नीट लागतो की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे. पेट्रोल करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो; त्यामुळे कानांचे संरक्षण, चष्मा, हातमोजे आणि मजबूत बूट यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. शिडीवर उभे राहून किंवा एका हाताने चेनसॉ चालवू नये. उंचावरील फांदीसाठी लांब दांड्याची करवत वापरावी.

याहून कमी चर्चिला जाणारा मुद्दा किडींचा आहे. अवजड करवत हाती असली, की दोन बारीक फांद्या काढण्याऐवजी एक जाड फांदी उडवण्याचा मोह होतो. जाड फांदीची जखम भरून येण्यास अनेक वर्षे लागू शकतात. आंब्याच्या खोडकिडीची मादी सालीच्या फटींत आणि इजा झालेल्या जागी अंडी घालते. अळी आत शिरून महिनोन्‌महिने लाकूड पोखरत राहते. ताज्या कापातून पाझरणाऱ्या रसाकडे काही भुंगेरे किती ओढले जातात, हे मध्य प्रदेशातील सालवनांत दिसून आले आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे सालाच्या खोडकिडीचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा पावसाळ्याच्या आरंभी सालाचे ताजे ओंडके ठेचून सापळा म्हणून ठेवले जात आणि रसावर जमलेले भुंगेरे वेचून मारले जात. वनरक्षणासाठी योजलेले हे आमिष बागेत नकळत मांडले जाऊ नये.

जुन्या आंबा बागांच्या पुनरुज्जीवनात जाड फांद्या कापाव्या लागतात, हे खरे. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने विकसित केलेल्या तंत्रात ही छाटणी डिसेंबर-जानेवारीत केली जाते. कापांवर लेप लावणे आणि नंतर खोडकिडीवर लक्ष ठेवणे हाही त्याचाच भाग आहे. घरच्या बागेतही कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे.

कापलेल्या लाकडाचे पुढे काय होणार, हेही आधीच ठरवावे. पोखरलेल्या ओंडक्यात अळी बराच काळ तग धरते आणि पूर्ण वाढलेली असल्यास तेथेच कोषात जाऊन भुंगेरा होऊन बाहेर पडते. पावसाळ्याची बेगमी म्हणून असे सरपण बागेच्या कडेला रचले, तर किडीचे घरच सांभाळले जाते. किडके लाकूड आधी फोडावे, अळ्या माराव्यात आणि ते पावसाळ्यापूर्वीच जाळून संपवावे. वाळक्या लाकडातून पिठासारखा भुसा पाडणारा घुणा मात्र वेगळा; तो उभ्या हिरव्या झाडाला धोका देत नाही.

काजूच्या बाबतीत तर चेनसॉची मर्यादाच उघड होते. खोड व मूळ पोखरणारी कीड, जिला कोकणात ‘रोठा’ म्हणतात, बुंध्यात आणि मुळांत असते. पूर्णपणे ग्रासलेले झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर कापून लाकूड नेले, तर कीड जमिनीतच राहते. साखळी मातीला लागताच बोथट होते. तेथे कुदळीनेच बुंधा मुळांसह काढावा लागतो.

यंत्राची देखभालही भुशावरूनच कळते. धारदार साखळी जाडसर कीस पाडते. पिठासारखा भुसा पडू लागला, की धार लावण्याची वेळ आली असे समजावे. बोथट साखळीने जोर लावून केलेला काप साल फाडतो आणि अपघातासही निमंत्रण देतो. गोल कानस वापरण्याचे शिक्षण विक्रेत्याकडून घेतल्याशिवाय खरेदी पूर्ण झाली असे मानू नये.

झाड पाडण्यापूर्वी कायद्याची माहिती घेणेही आवश्यक आहे. वृक्षतोडीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत; महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड नियमन अधिनियमानुसार अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतील असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत.

चेनसॉ काही तासांत दिवसभराचे काम उरकते, आणि चुकीचा कापही तितक्याच वेगाने करते. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी शेतकऱ्याने बागेतून एक फेरी मारावी, वर्षभरात कोणत्या जाडीचे आणि किती लाकूड कापावयाचे आहे ते मोजावे, आणि तेवढ्याच कामाची करवत घ्यावी.