परदेशीं गेलेल्यांचा वाली कोण?

मुंबईहून उत्तरेस जातांना भाईंदर सुटलें कीं गाडी वसईच्या खाडीवरील पुलावर चढते आणि खाडी ओलांडतांच नायगांवचें स्टेशन येतें. वाटेंत पाणजू बेटाची झाडी दिसते, किनाऱ्यास मिठागरें दिसतात. पश्चिमेस कोळी व ख्रिस्ती वस्तीचीं जुनीं गांवें आहेत, तर पूर्वेस जूचंद्राच्या बाजूला अलीकडे उठलेल्या उंच इमारतींची दाटी आहे. दोन्ही बाजूंचें राहणीमान अगदीं निराळें असलें तरी एक गोष्ट दोहोंकडे सारखीच आढळते. घरांतला मुलगा, भाऊ किंवा धनी दुबई, मस्कत, कुवेत किंवा दोहा येथें कामास गेला आहे, अशीं घरें दोहोंकडे आहेत आणि सबंध वसई तालुक्यांत तर तीं पुष्कळच आहेत. त्याचे पैसे महिन्याच्या महिन्यास येतात. कर्ज फिटतें, भिंती पक्क्या होतात, बहिणीचें लग्न उरकतें. परंतु तो तेथें कोणत्या खोलींत निजतो, एका खोलींत कितीजण असतात, त्याचा पासपोर्ट त्याच्या हातीं आहे कीं मालकाच्या पेटींत, आजारी पडल्यास त्यास कोण पाहतें, हे प्रश्न विचारले तर घरच्या माणसांसही नीट उत्तर देतां येत नाहीं. पैसे येतात त्या अर्थीं तो सुखी असला पाहिजे, असें धरून आपण स्वस्थ बसतों. हें धरून चालणें कितपत खरें आहे, याचाच आज विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. १८३४ सालापासून मॉरिशस बेटांतील उंसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर मोठ्या प्रमाणावर जाऊं लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अशीं सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर उतरलीं. मुंबई बंदरांतून गेलेल्यांमध्यें रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूंचे मराठी लोक होते. ज्या करारावर त्यांनीं आंगठा उठविला त्यास लोक 'गिरमिट' म्हणत. मुदत संपल्यावरही या माणसांची सुटका होत नसे. १८६७ च्या कायद्यान्वयें जुन्या मजुरांस छायाचित्राचा पास जवळ बाळगावा लागे, आणि पास नसतां कोणी आढळला तर त्यास भटक्या ठरवून पकडीत. १८७१ सालीं अडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थानें नऊ हजारांवर मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढें ठेविला, तेव्हां कोठें १८७२ सालीं चौकशीसाठीं रॉयल कमिशन आलें. आज त्या मजुरांचे वंशज मॉरिशसचे नागरिक आहेत. तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीस सबंध देशास सुटी असते. हें पाहून आपणांस धन्यता वाटते, व ती वाटावी हेंही योग्यच आहे. परंतु त्या अर्जापासून १९६८ सालच्या स्वातंत्र्यापर्यंत जवळजवळ शंभर वर्षें गेलीं, आणि तेवढ्या काळांत कित्येक पिढ्या खपल्या, ही गोष्ट सणाच्या आनंदांत विसरतां कामा नये.

त्या काळीं महाराष्ट्रांतील एका पुढाऱ्यानें मात्र हें दुःख आपलें मानिलें. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० सालीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत नाताळ वसाहतीकडे मजूर धाडणें बंद करावें असा ठराव आणिला. तो मान्य होऊन १९११ च्या जुलैपासून ती वाट बंद झाली. १९१२ सालीं त्यांनीं गिरमिटाची पद्धतच मुळासकट बंद करावी असा दुसरा ठराव मांडिला. तो सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला, तरी पुढें १९१७ सालीं ही भरती थांबविणें सरकारास भाग पडलें. गोखल्यांचे कोणी आप्त त्या मळ्यांवर राबत नव्हते. आपल्या देशांतील मनुष्य समुद्रापलीकडे गेला म्हणून त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य संपत नाहीं, एवढीच त्यांची भूमिका होती. त्याच १९१२ सालीं ते स्वतः दक्षिण आफ्रिकेंत जाऊन तेथील हिंदी लोकांची स्थिति डोळ्यांनीं पाहून आले. आज त्यांचें नांव रस्त्यांस व संस्थांस आहे. त्यांच्या या कामाचा वारसा चालविण्याची मात्र आपणांस फारशी आठवण होत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्याच कोंकणांतील बेने इस्राएल लोकांचें घ्यावें. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून 'शनवार तेली' या नांवानें ओळखले जाणारे हे मराठीभाषी यहुदी, १९४८ नंतर इस्राएलमध्यें हजारोंनीं स्थायिक झाले. ते मजूर म्हणून गेले नव्हते, धर्मबंधूंच्या देशांत बरोबरीच्या नात्यानें गेले होते. तथापि तेथेंही आरंभीं काम आणि घर यांविषयीं भेदभाव होतो अशी तक्रार उठली, धरणीं व उपवास झाले आणि १९५२ सालीं कांहीं कुटुंबें हिंदुस्थानांत परत आलीं. पुढें १९६२ सालीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश काढिला. ज्यांनीं शतकानुशतकें कोंकणांत आपला धर्म जपला त्यांसच तेथें धर्माचा दाखला मागण्यांत आला! हे लोक गप्प बसले नाहींत. १९६४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं जेरुसलेमांत जोराची चळवळ केली. त्याच ऑगस्टांत तेथील पार्लमेंटनें बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असा निर्णय दिला व धर्माधिकाऱ्यांस तो आदेश मागें घ्यावा लागला. यावरून असें दिसतें कीं, केवळ नागरिकत्व मिळाल्यानें मान मिळतोच असें नाहीं. परंतु नागरिकत्व असेल तर मानासाठीं उघड भांडतां येतें, आणि तें भांडण जिंकतांही येतें.

आतां नायगांवच्या त्या घराकडे परत येऊं. आखाती देशांत गेलेल्या आमच्या माणसाजवळ मॉरिशसच्या मराठी मनुष्याप्रमाणें मताचा हक्क नाहीं, आणि बेने इस्राएलाप्रमाणें चळवळ करण्याची सोयही नाहीं. तेथील 'कफाला' पद्धतींत परक्या कामगाराचें राहणें मालकाच्या नांवाशीं जोडलेलें असतें. मालकानें नांव काढिलें कीं तो बेकायदा ठरतो. कतारनें २०२० सालीं नोकरी बदलण्यास मालकाच्या परवानगीची अट काढून टाकिली आणि २०२१ पासून किमान वेतन ठरविलें, ही सुधारणा खरी. परंतु कायदा पुस्तकांत बदलला म्हणजे कामगारांच्या छावणींतील रीत त्याच दिवशीं बदलते असें नाहीं. १२ जून २०२४ रोजीं कुवेतमधील मंगफ येथें कामगारांच्या राहत्या इमारतीस पहांटे आग लागली आणि पन्नासच्या आसपास माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक हिंदी, आणि त्यांतही केरळी अधिक होते. त्या दिवसापूर्वीं त्या इमारतींत किती माणसें कशीं कोंबलीं आहेत, याची चौकशी हजारों घरांपैकीं किती घरांनीं केली असेल? पैसे वेळेवर येत होते, तेवढ्यानें सर्वांचें समाधान झालें होतें.

यावर कित्येक म्हणतील कीं, हे लोक आपखुषीनें गेले, दोन पैसे मिळवावयास गेले. त्यांची काळजी लोकांनीं कां वाहावी? आमचें उत्तर असें कीं, ज्यानें दलालास देण्यासाठीं बायकोचे दागिने गहाण ठेविले, परकीय भाषेंतील करारनाम्यावर सही केली आणि तेथें पोंचल्यावर पगाराचा आंकडा निराळाच ऐकिला, त्याच्या खुषीला खुषी म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग आहे. गिरमिटावर आंगठा उठविणाराही आपखुषीनेंच जातो असें मळेवाले म्हणत असत. दुसरें असें कीं, या पैशाचा लाभ सबंध देश घेतो. २०२२ सालीं परदेशस्थ हिंदी लोकांनीं घरीं धाडलेल्या पैशानें शंभर अब्ज डॉलरांचा आंकडा ओलांडला. कोणत्याही दुसऱ्या देशास इतका पैसा आला नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणींत या रकमेचा सर्वांत मोठा वांटा, म्हणजे सुमारें एकपंचमांश, महाराष्ट्राच्या नांवें दिसतो आणि केरळ त्याच्या खालोखाल आहे. मुंबईंत बँकांची गर्दी असल्यानें कांहीं आंकडा येथें फुगत असेल हें मान्य केलें, तरी वांटा घेणाऱ्यानें भार मुळींच उचलूं नये हें न्यायाचें नाहीं. केरळनें आपल्या परदेशस्थ लोकांसाठीं १९९६ सालींच स्वतंत्र खातें काढिलें. मध्यवर्ती सरकारनें मात्र २००४ सालीं काढिलेलें प्रवासी हिंदी लोकांचें स्वतंत्र मंत्रालय २०१६ सालीं परराष्ट्र मंत्रालयांत विलीन करून टाकिलें.

या बाबतींत कोरियाचें उदाहरण मनन करण्याजोगें आहे. १९०३ च्या जानेवारींत शंभरावर कोरियन लोकांची पहिली टोळी हवाई बेटांतील उंसाच्या मळ्यांवर उतरली, म्हणजे आमच्या गिरमिट्यांच्याच वाटेनें ती गेली. रशियाच्या पूर्व सीमेवर वसलेल्या सुमारें पावणेदोन लक्ष कोरियनांस स्टालिनच्या सरकारनें १९३७ सालीं आगगाड्यांत कोंबून कझाकस्तान व उझबेकिस्तान येथें नेऊन टाकिलें. जपानांत राहिलेल्या लाखों कोरियनांचें जपानी नागरिकत्व १९५२ सालीं एका सरकारी हुकुमानें गेलें, आणि पिढ्यानपिढ्या तेथेंच जन्मूनही ते परकेच मानले गेले. १९९२ सालीं लॉस एंजेलिसच्या दंग्यांत कोरियन दुकानदारांचीं शेंकडों दुकानें जळालीं. असा हा अनुभव गांठीं घेऊन दक्षिण कोरियानें १९९७ सालीं परदेशस्थ कोरियनांसाठीं एक प्रतिष्ठान काढिलें, आणि २०२३ च्या जूनमध्यें सुमारें सत्तर लक्ष परदेशस्थांसाठीं इंचॉन शहरीं स्वतंत्र सरकारी खातें सुरू केलें. त्यानें सर्व दुःखें निवारलीं असें नाहीं. मध्य आशियांतून माघारी आलेले कोरियन वंशाचे कामगार मायदेशांतच परकेपणा सोसतात, ही तक्रार तेथेंही आहे. परंतु दूर गेलेलीं माणसें हा राष्ट्राच्या हिशेबांतला विषय आहे, एवढें त्या देशानें निःसंशय मान्य केलें आहे.

आमच्याकडे परदेशस्थ मराठी माणसाचा गौरव होत नाहीं असें नाहीं. अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे, त्याची अधिवेशनें भरतात, इकडून साहित्यिक व पुढारी तिकडे जातात. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु डॉक्टर-इंजिनियर झालेला मराठी मनुष्य तेवढा परदेशस्थ बंधु, आणि मस्कतमध्यें पाइप जोडणारा वसईचा जोडारी मात्र केवळ नोकरीस गेलेला कोणी, असा भेद मनांत असेल तर तो जातिभेदाचाच नवा अवतार होय. ज्यास बोलतां येतें त्याची विचारपूस सगळेच करितात. ज्याचें तोंड मालकाच्या भीतीनें बंद आहे, त्याची विचारपूस करणें हेंच सुधारणेचें काम आहे.

तर मग उपाय कोणता? सर्व कांहीं दिल्लीनें करावें असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण कायदा अगदींच नाहीं असें नाहीं. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानें परदेशीं माणसें धाडणाऱ्या एजंटास नोंदणी सक्तीची केली आहे, आणि त्यानें घ्यावयाच्या मोबदल्यास तीस हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा नियमानें घातली आहे. दहावी न झालेल्या मनुष्यास ठराविक देशांत कामास जाण्यापूर्वीं सरकारी परवानगी लागते, आणि त्यासाठीं जो विमा उतरावा लागतो त्यांत अपघाती मृत्यु किंवा कायमचें अपंगत्व यांस दहा लाख रुपयांची तरतूद आहे. त्याचा दोन वर्षांचा हप्ता तीनशें रुपयांच्याही आंत आहे. परंतु दलाल त्याच मनुष्यास भेटीच्या व्हिसावर पाठवितो, म्हणजे परवानगीही टळते, विमाही टळतो आणि पुढें वकिलातीच्या दप्तरांत त्याचें नांवही सांपडत नाहीं. हें भोंक दिल्लीस बसून बुजत नाहीं. तें गांवांतच बुजवावें लागेल.

म्हणून आमची सूचना अशी कीं, वसई-विरार महानगरपालिकेनें नायगांवसारख्या प्रत्येक प्रभागांत परदेशीं गेलेल्यांची स्वेच्छेची नोंदवही ठेवावी. मनुष्य कोणत्या देशीं, कोणत्या मालकाकडे, कोणत्या एजंटामार्फत आणि कोणत्या व्हिसावर गेला, एवढें तींत असलें तरी पुरे. चर्च, मशीद, देवस्थान, कोळ्यांची सहकारी संस्था, महिलामंडळ, गृहनिर्माण सोसायटी, यांपैकीं ज्याच्यावर घरच्यांचा विश्वास असेल त्यानें आठवड्यांतून एक संध्याकाळ काढावी. जाणाऱ्याचा करारनामा मराठींत वाचून दाखवावा, एजंटाची नोंदणी पडताळावी आणि कागदांची एक प्रत घरीं ठेववावी. यास फार पैसा लागत नाहीं. लिहितां-वाचतां येणाऱ्या चार तरुणांचा वेळ लागतो. जी स्त्री मागें राहून घर, शेत आणि कर्ज सांभाळते, तिच्या नांवें बँकेचें खातें असावें आणि नवऱ्याच्या कराराची माहिती तिला असावी. अडचण आली असतां वकिलातीस अर्ज प्रथम तीच करणार असते. राज्य सरकारनेंही केरळचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून स्वतंत्र खातें काढावें, आणि किती माणसें बाहेर धाडलीं या आंकड्याबरोबरच त्यांतील किती सुखरूप परत आलीं व परत आल्यावर त्यांस काय काम मिळालें, हेही आंकडे दरसाल प्रसिद्ध करावे.

गोखल्यांनीं कौन्सिलांत ठराव मांडिला तेव्हां राज्य परक्यांचें होतें आणि त्यांच्या हातीं केवळ वाणी होती. आज राज्य आपलें आहे, कायदा आपला आहे, आणि नायगांवच्या स्टेशनावर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं मत आहे. येत्या महानगरपालिकेच्या व विधानसभेच्या निवडणुकींत मत मागावयास जो दारीं येईल, त्यास या वस्तीनें इतर गोष्टींबरोबर एवढें अवश्य विचारावें कीं, आमचीं जीं माणसें समुद्रापलीकडे आहेत त्यांची नोंद तुम्ही कोठें ठेवणार, आणि त्यांपैकीं कोणी संकटांत सांपडला तर त्याच्या घरच्यांनीं कोणत्या दारावर जावें?